टॉवर, मोहोर आणि झोप

“टॉवर आला आणि...” असं कोकणात कुणी म्हणालं की वाक्य कुठे जाऊन थांबेल याचा नेम नसतो. आंब्याचा बागायतदार म्हणतो, मोहोर टिकेनासा झाला. घरातली आजी म्हणते, झोप उडाली. कुणाच्या अंगणातल्या चिमण्या गेलेल्या असतात, कुणाचं डोकं दिवेलागणीपासून जड असतं, कुणाच्या कानात सारखी कुणकुण चालू असते. याच घरांत, याच माणसांच्या तोंडी, दुसरी एक तक्रार तितक्याच ठामपणे ऐकू येते: रेंज नाही. गणपतीपुळ्याला खेटून असलेल्या मालगुंडात कवी केशवसुतांचं घर बघायला आलेला पाहुणा अंगणात फोन डोक्यावर धरून फिरतो, फोटो मुंबईला पोचत नाही म्हणून चरफडतो, आणि परतीच्या वाटेवर गाडीतून टॉवर दिसला की म्हणतो, हे असले सांगाडे वस्तीत उभे करायला परवानगी देतं कोण?

दोन्ही तक्रारी खऱ्या. इथे पहिलीकडे जरा सावकाश बघायचं आहे. तिची थट्टा करणं फार सोपं आहे आणि थट्टा करणाऱ्यांनी आजवर कुणालाही झोप मिळवून दिलेली नाही.

आधी शब्दाचं बघू. शाळेच्या पुस्तकात दोन वेगळे शब्द आहेत. ‘प्रारण’ म्हणजे लहरींच्या रूपानं पसरणारी ऊर्जा. दुपारचं ऊन, चुलीची धग, आकाशवाणीची लहर, छातीचा फोटो काढणारे क्ष-किरण, सगळी प्रारणंच. ‘किरणोत्सर्ग’ म्हणजे युरेनियम, थोरियम, रेडियम यांसारख्या अस्थिर अणूंच्या गाभ्यातून बाहेर पडणारे कण आणि किरण. ओसरीवरच्या गप्पांत मात्र दोघांना मिळून एकच शब्द उरतो, रेडिएशन.

आणि हा शब्द रत्नागिरी जिल्ह्याच्या कानी पुस्तकातून पडला नाही, आंदोलनातून पडला. राजापूर तालुक्यात जैतापूरजवळ ९,९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प व्हायचा होता. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी भारतात आले, करार झाले. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, फुकुशिमाच्या अणुभट्ट्या दूरदर्शनच्या पडद्यावर स्फोट होताना दिसल्या. १८ एप्रिलला साखरी नाटे इथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात एक जण गेला. आणि ३१ मे २०११ ला फ्रान्समधल्या ल्योन शहरातून बातमी आली की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मोबाइलच्या लहरींना ‘कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता’ या गटात टाकलं आहे. फुकुशिमापासून ल्योनपर्यंत तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. एकाच वर्तमानपत्रात, एकाच उन्हाळ्यात, एकच शब्द भट्टीसाठी आणि खिशातल्या फोनसाठी छापून आला. त्यानंतर गावातल्या माणसानं टॉवरकडे बघून जैतापूर आठवावं, यात त्याचं काय चुकलं? जैतापूरच्या आधी एन्रॉनचा वीजप्रकल्प झाला होता, नंतर नाणारच्या, बारसूच्या रिफायनरीचे वाद झाले. येणारा प्रत्येक जण ‘काही होत नाही हो’ असंच सांगत आला. त्यामुळे टॉवरवाल्यानंही तेच म्हटलं की ते वाक्य खरं असूनसुद्धा खोटं वाटतं.

ल्योनच्या त्या गटाचं नाव २-ब. त्यात काय काय बसतं हे बघण्यासारखं आहे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क त्यात आहे, साखरेऐवजी वापरतात ते एस्पार्टेम आहे, पूर्व आशियातल्या पद्धतीनं आंबवून मुरवलेल्या भाज्या आहेत (आपलं कैरीचं लोणचं नव्हे, जीव भांड्यात पडू द्या). मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संशयावरून कॉफीही त्यात होती, २०१६ मध्ये ती बाहेर काढली. या यादीत एखादी गोष्ट किती घातक आहे हे मोजलेलं नसतं, तिच्याविरुद्धचा पुरावा किती पक्का आहे हे मोजलेलं असतं. २-ब म्हणजे पुरावा तोकडा, पण फाइल बंद करण्याइतका नाही. सगळ्यात पक्का पुरावा असलेला गट म्हणजे गट १. त्यात तंबाखू आहे, दारू आहे, सूर्याचं प्रारण आहे आणि सुपारी आहे. होय, सुपारी. नुसतीसुद्धा, तंबाखूशिवाय. टॉवर नको म्हणून भरलेल्या बैठकीत पानाचं तबक फिरत असेल तर ल्योनच्या हिशेबानं पक्का पुरावा तबकाविरुद्ध आहे. आजीच्या मिश्रीचंही तेच. पण सुपारीची बाग आपल्या आजोबांनी लावलेली असते आणि टॉवर परक्याचा असतो.

पुरावा तोकडा का पडला? फोनची लहर आणि क्ष-किरण एकाच कुळातले असले तरी त्यांची ताकद वेगळी. प्रत्येक लहर आपली ऊर्जा सुट्या पुड्यांमध्ये घेऊन येते. क्ष-किरणाची एक पुडी पेशीतल्या रेणूचा बंध तोडू शकते. मोबाइलच्या लहरीची पुडी आपल्याला दिसणाऱ्या साध्या प्रकाशाच्या पुडीपेक्षाही दोन ते पाच लाख पटींनी दुबळी असते. माडावरचा नारळ पाडायचा तर एक नेमका दगड पुरतो, मूठ मूठ वाळू दिवसभर उधळली तरी नारळ हलत नाही. वाळूचा ढीगच अंगावर ओतला तर गोष्ट वेगळी. तशा ढिगानं ऊतक तापतं, स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टी त्याच तत्त्वावर चालते. म्हणून जगभरच्या मर्यादा ‘शरीर तापू नये’ या मोजमापावर बेतलेल्या आहेत.

आता टॉवरखाली उभे राहू. मालगुंडच्या उत्तरेला जयगडचं दीपगृह आहे. त्याचा झोत समुद्रात मैलोन् मैल दिसतो, पण दीपगृहाच्या पायथ्याशी बसलेल्याच्या अंगावर तो पडत नाही, डोक्यावरून निघून जातो. टॉवरवरच्या लांबट पेट्या म्हणजे अँटेना, आणि त्यांचा झोतही तसाच: आडवा पसरट, किंचित खाली झुकलेला. दिव्याखाली अंधार ही म्हण टॉवरला शब्दशः लागू पडते. सगळ्यात जास्त भीती पायथ्याच्या घराला वाटते, आणि पायथ्याशी लहर बहुधा क्षीणच असते. झोत जमिनीला टेकतो तो पुढे, शंभर-दोनशे मीटरवर, आणि तिथपर्यंत तो फाकलेला असतो. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई होते.

आकड्यांत सांगायचं तर असं. वीस वॉट शक्ती सोडणारा, झोत एकवटणारा अँटेना घेतला तर झोताच्या ऐन मध्यावर, शंभर मीटर अंतरावर, चौरस मीटरमागे सुमारे ८ मिलीवॉट पडतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून लागू झालेली मर्यादा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी ४५० मिलीवॉट होती. आंतरराष्ट्रीय मर्यादा ४,५०० मिलीवॉट, आपण तिचा दहावा भाग घेतला. तुलनेला ऊन ठेवा: वैशाखातल्या दुपारी एका चौरस मीटरवर १,००० वॉट, म्हणजे दहा लाख मिलीवॉट.

पण मालगुंडच्या घरात या हिशेबाला एक गाठ बसते. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, त्या पावसाळ्यात पाणी पिऊन बसलेल्या, वर माड-पोफळींचं छत, मागे डोंगराचा कडा. लहर घरात शिरता शिरता दमते. फोन मग काय करतो? तो आवाज चढवतो. ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटच्या आसपास शक्तीनं बोलू शकतो आणि टॉवर जवळ असला की हजारो पटींनी खाली येऊन कुजबुजतोही. जुने २जी फोन तर क्षणभर दोन वॉटपर्यंत जायचे. टॉवर शंभर मीटरवर असतो, फोन कानाला चिकटलेला. त्यामुळे अंगात शिरणाऱ्या लहरींचा सगळ्यात मोठा वाटा आपल्याच हातातल्या यंत्राचा, आणि टॉवर जितका लांब तितका तो वाटा मोठा. टॉवर हटवून रेडिएशन कमी करू म्हणणारं गाव प्रत्यक्षात ते कानाजवळ वाढवत असतं. ज्याला खरोखरच काळजी आहे त्यानं एका कांडीच्या सिग्नलवर तासभर बोलणं टाळावं, इअरफोन लावावा, पोराला अंगणात येऊन बोल म्हणावं. उशाखालचा फोन पलीकडच्या फडताळात ठेवला तर झोपेलाही बरं, मात्र त्याचं श्रेय लहरींना द्यायचं की मध्यरात्रीपर्यंत बघितलेल्या रिळांना, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मर्यादा दहा पटींनी खाली आणण्यामागेही माणसांनी केलेला गलका होता, आणि त्यातला मोठा आवाज मुंबईचा. पवईच्या आयआयटीतले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला टॉवरच्या धोक्यांवर सविस्तर अहवाल दिला. मलबार हिलवरच्या रहिवाशांनी सह्याद्री अतिथिगृहावरच्या अँटेनांविरुद्ध आवाज उठवला, त्यात अभिनेत्री जुही चावला होत्या. पुढे २०२१ मध्ये त्या ५जी विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ४ जूनला खटला फेटाळला गेला आणि २० लाखांचा दंड बसला, तो जानेवारी २०२२ मध्ये खंडपीठानं २ लाखांवर आणला. ऑनलाइन सुनावणीत कुणीतरी मध्येच त्यांच्या चित्रपटातलं गाणं म्हटलं, आणि लोकांच्या लक्षात खटल्यापेक्षा तेच राहिलं. गिरीश कुमारांचे निष्कर्ष अनेक वैज्ञानिकांना अतिरंजित वाटतात, मलाही त्यातल्या बऱ्याच भागाचा पाया कच्चा वाटतो. तरी एक कबूल करायला हवं की त्या गलक्यातूनच टॉवर मोजायची यंत्रणा उभी राहिली.

कर्करोगाबद्दलचं चित्र २०११ पेक्षा आज बरंच स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेला एक मोठा आढावा सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास त्यात पारखले होते. फोन वापरणाऱ्यांत मेंदूचा कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही, दहा-दहा वर्षं वापरणाऱ्यांतही नाही. दुसऱ्या पारड्यात अमेरिकेच्या सरकारी विषशास्त्र कार्यक्रमाचे उंदीर आहेत. जन्मभर, दिवसाचे नऊ तास, अंगभर तीव्र लहरी सोसलेल्या नर उंदरांत हृदयातल्या एका दुर्मीळ गाठीचं प्रमाण वाढलं, असं २०१८ मध्ये जाहीर झालं. गंमत म्हणजे तेच उंदीर लहरींविना वाढलेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले. ल्योनच्या संस्थेला तिच्या सल्लागारांनी २०२४ मध्ये सांगितलं आहे की, हा विषय प्राधान्यानं पुन्हा तपासा. विज्ञान असंच रेंगाळत चालतं.

पण आजीची तक्रार कर्करोगाची नाहीच. ती म्हणते झोप येत नाही, डोकं ठणकतं, अंगाला मुंग्या येतात, छाती धडधडते. टॉवरच्या बाजूच्या खोलीत जास्त, देवघरात कमी. याला जगात नाव आहे: विद्युतचुंबकीय अतिसंवेदनशीलता. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये त्यावर टिपण काढलं आणि त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. लक्षणं खरी आहेत, काहींचं जगणं त्यानं अवघड होतं. लहरींशी त्यांचा कार्यकारणसंबंध दाखवणारा पुरावा नाही. यातलं पहिलं वाक्य टॉवरवाले गाळतात, दुसरं आंदोलनवाले.

दुसरं वाक्य कशावरून? लंडनच्या किंग्ज कॉलेजात जेम्स रुबिन आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग फार साधा आहे. मोबाइलनं त्रास होतो असं सांगणारी साठ माणसं आणि तसा त्रास नसलेली साठ. डोक्याशी फोनसारखं यंत्र लावायचं, कधी चालू, कधी बंद. चालू की बंद हे बसलेल्यालाही ठाऊक नाही आणि समोर नोंद करणाऱ्यालाही नाही. डोकी दुखली, खरीच दुखली. पण फोन चालू असताना संवेदनशील गटातल्या ६० टक्क्यांनी ‘चालू आहे’ म्हटलं आणि बंद असताना ६३ टक्क्यांनी. बंद यंत्रानंही काहींना तीव्र त्रास झाला. अशा प्रकारचे ४६ प्रयोग आणि त्यातली ११७५ माणसं रुबिन यांनी २०१० मध्ये एकत्र मांडली, तरी लहर ओळखू शकणारा माणूस पक्केपणानं सापडला नाही.

लहर ओळखू शकणारी यंत्रं मात्र आहेत, आणि त्यातलं जगातल्या मोठ्यांपैकी एक आपल्याच घाटावर, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. गोविंद स्वरूप यांनी ही महाकाय रेडिओ दुर्बीण तिथे उभारायचं एक कारण असं की, त्या खोऱ्यात माणसांच्या रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता. दूरच्या दीर्घिकेतून येणाऱ्या कुजबुजीपुढे एखादा मोबाइल म्हणजे कानात फुंकलेला शंखच, त्यामुळे आजूबाजूला टॉवर वाढले की खोडदच्या शास्त्रज्ञांना त्रास होतो. तो खराखुरा विद्युतचुंबकीय संवेदनशीलतेचा त्रास म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक या गावाभोवती अशाच दुर्बिणीसाठी १९५८ पासून मोठा शांत पट्टा राखलेला आहे, आणि लहरींनी आजारी पडतो असं वाटणारी माणसं देशभरातून तिथे राहायला गेली. दुर्बिणीचं कुंपण माणसांच्या आसऱ्याला आलं. तिथे बरं वाटतं असं ती सांगतात, आणि मला त्यात खोटं काही दिसत नाही. निवांत डोंगरातल्या गावात, आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या शेजाऱ्यांत कुणाला बरं वाटणार नाही?

केशवसुतांची ‘सतारीचे बोल’ ही कविता बऱ्याच जणांनी शाळेत वाचलेली असते. उद्विग्न मनानं रात्री भटकणाऱ्या माणसाला एका खिडकीतून सतार ऐकू येते आणि त्याचं मन हळूहळू निवळत जातं. बाहेरून आलेल्या लहरीनं माणूस आतून बदलतो तो असा, पण ती लहर घ्यायला त्याला कान आहे. रेडिओ लहर घ्यायला आपल्याला इंद्रियच नाही. केशवसुत तिशीच्या आत असताना, १८९५ साली, जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये मिलिमीटर लांबीच्या लहरी भिंतींपार पाठवून दूरवरची घंटा वाजवली होती. वाटेत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर बसले होते आणि लहरी त्यांच्या अंगातूनच पलीकडे गेल्या, असं सांगतात. साहेबाला काही कळलं नाही. आज ज्या ५जी लहरींची धास्ती वाटते त्यांतल्या सर्वांत आखूड लहरी याच जातीच्या.

मग आजीला होतं ते काय? इथे आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे: बाहेरचं. “डॉक्टरला सापडत नाही, म्हणजे बाहेरचं काहीतरी आहे.” शरीर बिनसलं आणि कारण सापडेना की माणसाला ते बाहेर शोधावंसं वाटतं, कारण बाहेरच्याला नाव देता येतं, त्याच्यापासून दूर जाता येतं, त्याच्याविरुद्ध देवळात गाऱ्हाणं घालता येतं. जुनी माणसं पिंपळाखालून जाताना दचकायची, आणि त्या दचकण्यानं त्यांची छाती खरोखर धडधडायची. धडधड खरी असायलाच हवी होती, पिंपळावर कुणी असो वा नसो. वैद्यकात याला नोसीबो म्हणतात: अपाय होईल या अपेक्षेनंच होणारा अपाय. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४७ जणांपैकी काहींना वाय-फायच्या धोक्यांवरचा बीबीसीचा माहितीपट दाखवला, काहींना दुसऱ्याच विषयावरचा. मग सगळ्यांना सांगितलं की आता पंधरा मिनिटं वाय-फाय चालू राहील. प्रत्यक्षात तिथे वाय-फाय नव्हतंच. तरी निम्म्याहून अधिक लोकांना काही ना काही झालं, आणि ज्यांना आधीच काळजी वाटत होती त्यांनी धोक्याचा माहितीपट बघितला असेल तर त्यांना जास्त झालं.

हे सांगताना जपावं लागतं. रत्नागिरीत मनोरुग्णालय आहे, त्यामुळे या जिल्ह्यात ‘मनाचं आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला त्या फाटकाकडे बोट दाखवल्यासारखं वाटतं. इथे तसलं काही म्हणायचं नाही. परीक्षेच्या सकाळी पोट बिघडतं ते पोटच असतं. आणि खूपदा ‘बाहेरचं’ म्हणून टॉवरवर ढकललेलं दुखणं आत, साध्या जागी सापडतं: थायरॉइड, रक्तक्षय, अर्धशिशी, वाढलेला रक्तदाब, साखर, म्हातारपणी हलकी होत जाणारी झोप. टॉवरवर विश्वास बसला की ही तपासणी राहून जाते. मला नोसीबोपेक्षा याची भीती जास्त वाटते.

भीती असली की बाजार येतोच. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणापासून केलेली एक चकती दाखवली, फोनला लावली की रेडिएशन कमी होतं म्हणाले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या झोपलेल्या कोकणाला खरं तर याचं पेटंट मिळायला हवं. असली चकती लहर खरोखर अडवायला लागली तर उलटच होईल, फोन आणखी जोरानं ओरडेल. पण शेणाची चकती निदान निरुपद्रवी. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेनं ‘५जी पासून संरक्षण’ म्हणून विकली जाणारी दहा उत्पादनं, त्यात गळ्यातली पदकं आणि पोरांची कडी, वापरू नका असं बजावलं. ती किरणोत्सर्गी निघाली. खराखुरा किरणोत्सर्ग, अणूच्या गाभ्यातून येणारा. एकाच नावाच्या दोन गोष्टींतल्या निरुपद्रवीला घाबरून लोकांनी दुसरी विकत घेऊन छातीशी बांधली होती. शब्दांची गल्लत किती महागात पडते हे यापेक्षा चांगलं दाखवणारं उदाहरण मला मिळालेलं नाही.

राहिला मोहोर. हापूस मुळातच वर्षाआड धरणारं झाड. त्याला मोहोरायला थंडी लागते, आणि थंडी पुन्हा पुन्हा आली की पहिली फळं गळून नवा मोहोर येतो. डिसेंबर-जानेवारीतला अवकाळी पाऊस, तुडतुडे, फुलकिडे, त्यांच्यावरच्या फवारण्या, त्या फवारण्यांत मरणाऱ्या माश्या (आंब्याचं परागीभवन मधमाशीपेक्षा साध्या माश्यांवर जास्त अवलंबून असतं), हे सगळं त्याच वीस वर्षांत बदललं ज्या वीस वर्षांत टॉवर आले. डोळ्याला त्यातला टॉवर तेवढा दिसतो. पाखरांबद्दल मात्र मी इतक्या झटपट बोलणार नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं ऑगस्ट २०१० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तेव्हाचे संचालक असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिनं ९१९ अभ्यास चाळले आणि सावधगिरी बाळगा म्हटलं. चुंबकीय दिशा ओळखून उडणाऱ्या पाखरांना क्षीण रेडिओ लहरींनी गोंधळल्यासारखं होतं, असे काही चांगले प्रयोग आहेत. चिमणी मात्र त्यातली नव्हे. तिला कौलं लागतात, वळचण लागते, पिलांना किडे लागतात. सिमेंटच्या घरात यातलं काय उरलं आहे?

आता सांगली जिल्ह्यात जाऊ. खानापूर तालुक्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीनं रेडिएशननं कर्करोग होतो म्हणून टॉवरचं काम थांबवायचा ठराव केला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती सुनील शुक्रे आणि न्यायमूर्ती एम. डब्ल्यू. चांदवाणी यांच्या खंडपीठानं ठराव रद्द केला. टॉवरच्या लहरींनी कर्करोग होतो असं दाखवणारी वैज्ञानिक सामग्री समोर नाही, असं न्यायालयानं म्हटलं. विज्ञानाच्या बाजूनं निकालात खोट काढता येत नाही. तरी मला ‘कर्करोग’ हा शब्दच तिथे बळेच उभा केलेला साक्षीदार वाटतो. गावाला टॉवर कुठे हवा, कुणाच्या जमिनीत, भाडं कुणाला, डिझेलचं जनित्र रात्री कुणाच्या खिडकीखाली धडधडणार, हे कुणी विचारलेलं नसतं. ‘आम्हाला विचारलं नाही’ या तक्रारीला कागदावर वजन नसतं, ‘कर्करोग’ला असतं. म्हणून लोक ती तक्रार कर्करोगाच्या नावानं मांडतात आणि मग कर्करोगाच्या मुद्द्यावर हरतात.

शंका असेल तर मोजून घेण्याची सोय आहे. दूरसंचार विभागानं मे २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ नावाचं पोर्टल सुरू केलं. आपल्या भागातला टॉवर त्यावर शोधता येतो, आणि चार हजार रुपये भरून विभागाच्या माणसांकडून लहरींची तीव्रता मोजून घ्यायचा मार्गही त्यातून खुला झाला. मर्यादा ओलांडली तर कंपनीला दर टॉवरमागे दहा लाखांपर्यंत दंड ठरवलेला होता. मालगुंडसाठी हे काम महाराष्ट्र आणि गोवा मिळून असलेल्या दूरसंचार क्षेत्राच्या कार्यालयाचं.

चार हजार नसतील तर घरातल्या घरात एक प्रयोग करता येतो, टॉवरवर नाही पण वाय-फायवर, आणि तो लंडनच्या प्रयोगाहून फार वेगळा नाही. राउटर कपाटावर ठेवा, त्याच्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावा. वीस रात्री. शेजारच्या काकूंनी किंवा कॉलेजातल्या भाच्यानं सगळे झोपायच्या वेळी नाणं उडवायचं. छापा आला तर राउटर चालू, काटा आला तर बंद, आणि कुणालाही न सांगता वहीत तारीख घालून लिहून ठेवायचं. सकाळी आजी उठण्याआधी राउटर पुन्हा चालू करून ठेवायचा. तेवढ्या रात्रींपुरता घरातल्या फोनचा डेटा वापरायचा, नाहीतर व्हॉट्सॲपच गुपित फोडेल. आजीनं सकाळी दुसऱ्या वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: झोप कशी लागली आणि राउटर चालू होता की बंद. निव्वळ नशिबानं वीसपैकी पंधरा किंवा जास्त उत्तरं बरोबर यायची शक्यता शंभरात दोन. एकविसाव्या दिवशी चहा घेताना दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडायच्या. आणि वह्या काहीही सांगोत, त्याच सकाळी आजीला मालगुंडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्तदाब आणि हिमोग्लोबिन बघून यायचं. जाताना मिश्रीची डबी घरी ठेवायची.